लाल त्रिकोण: नवशिक्यांसाठी

ज्यांचं बालपण एस.टी. स्टँडाच्या भिंती वाचण्यात गेलं, त्यांना लाल त्रिकोण नवा नाही. तो उलटा असायचा, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असायचा आणि घरातली माणसं वाढवू नका असं बजावायचा. प्रियसच्या डॅशबोर्डवरचा त्रिकोण सुलटा असतो, त्याच्या पोटात उद्गारचिन्ह असतं आणि घरातलं एक माणूस आता अंथरूण धरणार आहे असं तो कळवतो. दोन्ही त्रिकोणांकडे लोकांनी सारखंच दुर्लक्ष केलं. ही मार्गदर्शिका दुसऱ्यापुरती आहे.

कोणासाठी, तेही सांगून टाकतो. तुमच्याकडे टोयोटा प्रियसची दुसरी पिढी, म्हणजे २००४ ते २००९ मधलं मॉडेल असेल, हमी केव्हाच संपली असेल आणि ‘आता विका ही’ म्हणणारं घरात एक तरी माणूस असेल, तर पुढे वाचा. माझी २००७ ची आहे. न्यू जर्सीत, एडिसनला, आमच्या दारात उभी असते. १ लाख ८४ हजार मैल झालेत. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा सोबत घेऊन गेली. पुढे तिला नोकरी लागली, तिने नवी गाडी घेतली आणि ही माहेरी परत आली.

प्रियस हा लॅटिन शब्द, अर्थ ‘आधी’. ही गाडी जपानात डिसेंबर १९९७ मध्ये विकायला आली, अमेरिकेत २००० साली. सगळ्यांच्या आधी आली, म्हणून सगळ्यांच्या आधी म्हातारी झाली. त्यात तिचा काही दोष नाही.

साहित्य

मल्टिमीटर १. दहाचा आणि आठचा पाना. फोनला जोडता येणारा ओबीडी रीडर. विजेच्या कामाचे, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे. भांडी घासायचे पिवळे चालत नाहीत, दिसायला बरेच सारखे असले तरी. बॅटरी, म्हणजे टॉर्च. वही. पाठ धरली तर शेकायची पिशवी. चहा लागेल तसा. धीर चवीपुरता.

एक कायदेशीर खुलासा. न्यू जर्सीत स्वतःच्या गाडीत स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. पंपावर माणूस येतो, तोच नळी लावतो, आपण काच खाली करून कार्ड द्यायचं. त्याच राज्यात मागची सीट काढून २०० व्होल्टच्या बॅटरीत हात घालायला मात्र तुम्हाला कोणीही अडवत नाही. या स्वातंत्र्याचा उपयोग जपून करा.

थोरली आणि धाकटी

हायब्रिडमध्ये बॅटऱ्या दोन असतात. नवशिक्याच्या निम्म्या चुका इथेच होतात, कारण ‘बॅटरी गेली’ असं तो म्हणतो तेव्हा कुठली, हे त्याला विचारायचं सुचत नाही आणि गॅरेजवाला विचारत नाही.

थोरली मागच्या सीटच्या पाठीशी, पत्र्याच्या पेटीत असते. निकेल-मेटल हायड्राइडची. आत २८ मॉड्यूल एकाला एक खेटून उभी, प्रत्येकात ६ सेल, प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा. गुणाकार करा: २०१.६ व्होल्ट. एवढा थाट असला तरी तिच्यात मावते ती वीज जेमतेम १.३ युनिट, आणि गाडीचा संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी होऊ देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच तिला खेळवतो. म्हणजे हाताशी राहते अर्धा युनिट. पुण्याच्या बाथरूममधला दोन किलोवॉटचा गीझर तेवढ्यावर पंधरा मिनिटं चालेल. घरातला एक माणूस कोमट आंघोळ करील. ही सगळी पंधरा-सोळा वर्षांची भानगड त्या एका आंघोळीएवढ्या विजेसाठी आहे, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

धाकटी १२ व्होल्टची, डिकीत उजव्या कोपऱ्यात, आवरणाखाली. साध्या गाडीतल्या बॅटरीपेक्षा लहान. तिचं काम इंजिन फिरवायचं नाही, ते थोरलीच्या जिवावर होतं. धाकटी फक्त संगणकांना जागं करते आणि थोरलीच्या दाराचं कुलूप काढते. पण ती उठली नाही तर थोरलीत जोर असून उपयोग नाही; ती आतच बसून राहते. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

पायरी पहिली: संशय धाकटीवर

साध्या गाडीची बॅटरी जाताना सांगून जाते. थंडीच्या सकाळी सेल्फ मारला की ‘घर्र... घर्र’ असा कण्हण्याचा आवाज येतो आणि आपण समजतो. प्रियसला तसा सेल्फच नाही, त्यामुळे कण्हणं नाही. आदल्या दिवसापर्यंत सगळं ठीक, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर वर्षभराचे सगळे दिवे एकदम लागतात, त्यात आपला त्रिकोणही असतो. नवशिका घाबरून थोरलीच गेली असं समजतो.

आमचा प्रसंग मंडळाच्या दिवाळीचा. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, रात्रीचे अकरा, पार्किंगमध्ये बोचरी थंडी, हातात उरलेल्या श्रीखंडाचा डबा. किल्ली खिशात असली की दार आपोआप उघडायला हवं, उघडेना. किल्लीच्या पोटातून लोखंडी किल्ली काढून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. धाकटी डिकीत, म्हणून डिकीकडे गेलो. डिकी विजेवर उघडते. वीज धाकटीत. धाकटी डिकीत. हे चक्र माझ्या लक्षात यायला दोन मिनिटं लागली आणि तेवढ्यात सात स्वयंसेवक जमले.

महाराष्ट्रात वाढलेल्या पुरुषाला बंद गाडी दिसली की तो बाह्या सरसावतो. “तू आत बस, आम्ही धक्का मारतो,” असं सातही जण एका सुरात म्हणाले. त्यांनी मारलाही. गाडी जागची हलली नाही, कारण प्रियसचं पार्किंगचं कुलूपही विजेवर चालतं; वीज नसली की चाकं जखडलेलीच राहतात. आणि हलली असती तरी ही गाडी धक्क्यावर चालू होत नाही, कुठल्याही गिअरमध्ये, कितीही जणांनी ढकललं तरी. मी हे सांगत होतो, पण तोवर खजिनदारांनी ‘एक, दोन, तीन’ सुरू केलं होतं.

योग्य कृती अशी. बॉनेट तारेने उघडतं, विजेने नाही, त्यामुळे ते उघडेल. आत फ्यूजच्या काळ्या डबीत एक लाल झाकण आहे. ते उचललं की पत्र्याची जीभ दिसते. जंपर केबलचं लाल टोक तिथे, काळं टोक दूरच्या एखाद्या उघड्या लोखंडी बोल्टला. लाल-काळ्याची अदलाबदल करू नका. साध्या गाडीत त्या चुकीची शिक्षा म्हणजे ठिणगी आणि चार शिव्या; इथे मोठा फ्यूज उडतो आणि दैव रुसलं तर इन्व्हर्टर. तो खर्च ऐकून मग थोरली स्वस्त वाटायला लागते. दुसऱ्या गाडीची वीज मिळाली की ब्रेक दाबून बटण दाबा, ‘रेडी’ हा हिरवा शब्द दिसला की काम झालं. जंप धाकटीलाच देता येतो. थोरली खरंच पूर्ण बसली तर तिला कोणी जंप देत नाही, टो ट्रक येतो.

दुसऱ्या दिवशी खात्री करून घ्या. मल्टिमीटर नसेल तर गाडीच्या पडद्यातच एक चोरकप्पा आहे. गाडी अर्धवट चालू ठेवून पडद्याशेजारचं डिस्प्लेचं बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने पार्किंगचे दिवे तीनदा लावायचे-विझवायचे. शेजारचे काका खिडकीतून बघत असतील तर त्यांना काही समजावत बसू नका. पडद्यावर मेकॅनिकचा मेनू उघडतो, त्यात व्होल्टेज दिसतं. ‘रेडी’ असताना १४ च्या आसपास दिसलं तर गाडी धाकटीला भरवतेय. रात्रभर उभ्या गाडीत, काही चालू करण्याआधी, मल्टिमीटरने १२.५ च्या आसपास मिळायला हवेत. १२ च्या खाली गेली असेल तर तिला निरोप द्या. नवी घेताना वायू बाहेर सोडणारी नळी बसेल अशी, एजीएम प्रकारचीच घ्या. ही बॅटरी माणसांच्याच खोलीत राहते. तिने सोडलेला वायू डिकीत साठता कामा नये.

मला एका गॅरेजने आधी थोरली गेल्याचं सांगून साडेतीन हजार डॉलरचा कागद हातात दिला होता. धाकटी मी दोनशेच्या आतबाहेर बदलली. थोरली त्यानंतर दोन वर्षं चालली.

टीप: डिसेंबरात सहा आठवडे पुण्याला जाणाऱ्यांनी स्टिअरिंगखालचं स्मार्ट किल्लीचं बटण बंद करून जावं. नाहीतर तुम्ही तिकडे हुरडा खात असता आणि गाडी इकडे दाराशी येणाऱ्या किल्लीची रात्रंदिवस वाट बघत बसते. परत याल तेव्हा धाकटी गेलेली असते.

पायरी दुसरी: नाडीपरीक्षा

धाकटी नवी आहे, तरी त्रिकोण आहे. आता थोरलीकडे वळा, पण लगेच पाना घेऊन नाही. आधी चार दिवस नुसतं बघा.

पडद्यावर बॅटरीचं चित्र असतं, त्यात आठ आडव्या पट्ट्या. भरलेली असली की हिरव्या, मधे निळ्या, तळाला गेली की जांभळ्या. धडधाकट थोरली दिवसभर सहा निळ्या पट्ट्यांच्या आगेमागे रेंगाळते. आजारी थोरली लिफ्टसारखी वागते: सिग्नलला थांबलात तेव्हा हिरवी, उड्डाणपुलाच्या माथ्यावर जांभळी, उतरेपर्यंत पुन्हा हिरवी. नवशिके हे बघून खूश होतात, ‘बघ किती पटकन भरते!’ असं म्हणतात. पेला लहान झाला की तो पटकन भरणारच.

बाकी लक्षणं: उभ्या गाडीत इंजिन उगाच जोराने चालतं. मागून पंख्याचा आवाज येतो, बंद खोलीत कोणी केस वाळवतंय तसा. मैलांचा हिशोब घसरतो. मी पेट्रोलच्या पावत्यांची वही ठेवतो, त्यामुळे मला तारीखवार सांगता येतं. बायकोच्या मते तो वेगळा आजार आहे.

पायरी तिसरी: जाळी

ही पायरी फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.

थोरलीला उष्णता सोसत नाही. अ‍ॅरिझोनासारख्या ठिकाणी या बॅटऱ्या लवकर जातात त्या यामुळेच. तिला गार ठेवायला एक पंखा आहे आणि तो हवा बाहेरून घेत नाही, गाडीच्या आतून घेतो, आपण ज्या हवेत बसतो तीच. मागच्या सीटच्या उजव्या कडेला एक जाळी दिसेल. बहुतेकांना ती स्पीकरची वाटते. आम्हालाही वाटायची. ओक ट्री रोडवरून आणलेलं तांदळाचं वीस पौंडी पोतं मी दहा वर्षं तिलाच टेकवून ठेवत आलो, कारण तिथे ते छान बसतं.

सीटच्या कडेचा तक्क्या काढा, डिकीच्या बाजूचं आवरण काढा, पंखा सुटा करा. चक्राच्या पात्यांमध्ये राखाडी वाकळीसारखं काहीतरी अडकलेलं असेल. कुत्रं असणाऱ्यांकडे त्यात केस सापडतात. आमच्याकडे कुत्रं नाही. आमच्या पंख्यातून निघालेल्या ऐवजाची यादी: स्वेटरचे तंतू, गालिच्याचं पीस, रांगोळीची पूड, एक अख्खी फुलवात, चुरमुरे चार आणि गौरीच्या हळदीने पिवळी झालेली एक अक्षत. दहा गणपती या गाडीतून विसर्जनाला गेले, त्यांचा हिशोब तिथे जमा होता. पातं न् पातं जुन्या टूथब्रशने घासून काढा. पंख्याचा आवाज उतरतो आणि नशीब असेल तर त्रिकोणही काही महिने दर्शन देत नाही. माझं नशीब सात महिन्यांचं होतं.

पायरी चौथी: पोथी वाचणे

त्रिकोण परत आला की ओबीडी रीडर स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचा. फोनवर एक कोड उमटेल. पी०ए८० हा कोड आला तर त्याचा पुस्तकी अर्थ ‘हायब्रिड बॅटरी पॅक बदला’. निदान विचारावं आणि डॉक्टरने थेट ऑपरेशनची तारीख द्यावी, तशातला हा प्रकार. त्याच्या जोडीला पी३०११ ते पी३०२४ मधला एखादा आला तर ती खरी बातमी. संगणक २८ मॉड्यूलांकडे सुटं सुटं बघत नाही, दोन-दोनच्या १४ जोड्या करून बघतो; हे चौदा कोड म्हणजे त्या जोड्यांची हजेरी. कोड चौकात उभा राहून सांगतो की गल्ली कुठली. घर आपण शोधायचं.

कोड पुसून टाकण्याचा मोह होईल. फोनवर एक बटण दाबलं की त्रिकोण विझतो. दर दोन वर्षांच्या प्रदूषण तपासणीच्या आदल्या रात्री हे करणारे बरेच आहेत, मीही केलंय. तपासणीवाला आपली तार जोडतो, कोड नाही हे बघतो, आणि गाडीने स्वतःच्या चाचण्या अजून पूर्ण केलेल्या नाहीत हेही बघतो, म्हणजे कालच पाटी पुसलीये. तो काही बोलत नाही. नुसता वर बघतो. शाळेत प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतः केली होती, त्यानंतर माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

पायरी पाचवी: शेंदूर

आता पेटी उघडायची. गाडीत जिथे जिथे नारिंगी रंगाची जाड केबल दिसेल, तिथे आंब्याच्या झाडाखालचा शेंदूर फासलेला दगड आठवा. बाकी सगळीकडे आपण वाटेल तिथे टेकतो, पण त्या दगडाला कोणी पाय लावत नाही. इथे तर रंगही तोच आहे.

अंगठ्या, साखळी, घड्याळ, कडं काढून ठेवा. शनीसाठी मधल्या बोटात घातलेली लोखंडी अंगठीसुद्धा. ती काढली तर साडेसाती सुरू होईल अशी भीती वाटेल. न काढता दोन टर्मिनलांवर टेकली तर साडेसाती जागच्या जागी संपेल.

गाडी बंद करा, किल्ली घरात ठेवा, धाकटीची काळी तार सोडवा. मग हातमोजे घालून डिकीतल्या डाव्या बाजूचा नारिंगी प्लग ओढून काढा. तो खिशात ठेवायचा असतो, म्हणजे कोणी मदत करायच्या भरात परत बसवत नाही. माझ्या विजारीच्या खिशात मावेना, म्हणून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. संध्याकाळी पाहिला तर तो देवघरात, मारुतीशेजारी. सासूबाईंनी ठेवला होता. त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि रंग बघून त्यांना दुसरी जागा सुचली नव्हती.

प्लग काढल्यावर किमान दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टरमध्ये साठलेली वीज ओसरायला वेळ लागतो. आणि थांबल्यावरही हे विसरू नका की प्लगने फक्त बाहेरची वाट तोडली. पेटीच्या आत मॉड्यूलांची रांग भरलेलीच आहे. हातमोजे काढायची वेळ अजून आलेली नाही. याच ठिकाणी ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी पेटी बंद करून पुढची पायरी जाणकाराकडून करून घ्यावी. यात कमीपणा नाही. माझ्या मेव्हण्याने तसंच केलं आणि तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे.

पेटी चाळीस किलोंच्या वर भरते आणि सीटमागच्या खबदाडातून वाकून उचलावी लागते. दोन माणसं लागतात. मेव्हण्याला एवढ्यासाठी बोलवावं.

आत मॉड्यूलांवर तांब्याच्या पट्ट्या असतात, आणि म्हाताऱ्या गाडीत त्या हिरव्या-काळ्या पडलेल्या असतात. आठच्या पान्याने ५६ नट सोडवून त्या सुट्या केल्या आणि वाटीत ठेवल्या. सासूबाईंनी वाटीत डोकावून विचारलं, “ही ताम्हणं कुणी इतकी खराब केली?” मी काही सांगायच्या आत त्यांनी चिंचेचा कोळ आणि मीठ घेतलं, वरून पितांबरीचा हात दिला, स्वच्छ पाण्याने धुतल्या, पंचावर पुसल्या आणि दुपारच्या उन्हात वाळत घातल्या. अमेरिकेतले लोक याच कामाला व्हिनेगर वापरतात. त्यांच्या पट्ट्या माझ्याएवढ्या झळकत नाहीत, मी फोटो ताडून पाहिलेत. अधूनमधून नुसत्या या पट्ट्यांच्या मळामुळे बॅटरी आजारी असल्याची आवई उठते, म्हणून ही पायरी टाळू नये.

पायरी सहावी: पंगत

वहीत १ ते २८ आकडे घाला आणि मल्टिमीटरची टोकं एकेका मॉड्यूलवर ठेवा. माझ्या वहीतलं पान असं: ७.८४, ७.८१, ७.८५, ७.७९... असं अठरापर्यंत, आणि एकोणिसाव्यासमोर ६.५७. पेन्सिल तिथे थांबलेली दिसते. सव्वा व्होल्टचा फरक म्हणजे सहा खोल्यांच्या त्या चाळीत एक खोली कायमची रिकामी झाली.

नुसत्या व्होल्टवर जाऊ नका. गाडीच्या हेडलाइटचा जुना बल्ब प्रत्येक मॉड्यूलला दोन मिनिटं लावा आणि पुन्हा मोजा. निवांत बसलेलं कोणीही सशक्त दिसतं. जिना चढायला लावल्यावर कळतं. बल्बाखाली माझं सहावं आणि तेविसावंही धापा टाकायला लागलं. मी त्या दोघांकडे काणाडोळा केला, कारण मी एकच मॉड्यूल विकत घेतलं होतं.

इथे या मार्गदर्शिकेतली सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून जरा थांबतो. २८ मॉड्यूल एका ओळीत जोडलेली, जो प्रवाह एकातून तोच सगळ्यांतून. म्हणजे ही पंगत आहे. पंगतीत एकाचं पोट लहान. वाढप सुरू झालं की त्याचं पोट सगळ्यांच्या आधी भरतं आणि तो ‘पुरे, पुरे’ म्हणतो. यजमान, म्हणजे संगणक, इतका भिडस्त की त्या एकाच्या ‘पुरे’वर सगळ्यांच्या पानावरचं वाढप थांबवतो. मग काम करायची वेळ येते तेव्हा भूकही सगळ्यांच्या आधी त्यालाच लागते, आणि यजमान सगळ्यांचंच काम थांबवतो. सत्तावीस जण अर्धपोटी, एकामुळे. पट्ट्या हिरव्या-जांभळ्या, हिरव्या-जांभळ्या नाचतात त्याचं कारण हे.

त्या एकाला उठवून धडधाकट पाहुणा बसवलात तर काय होतं? पाहुणा कितीही खात असो, आता यजमानाचं लक्ष उरलेल्यांतल्या सगळ्यात लहान पोटाच्या माणसाकडे. माझ्या पंगतीत तो सहावा होता. एकोणिसावं बदललं मार्चमध्ये, त्रिकोण परतला जूनमध्ये. सहावं बदललं, मग ऑगस्टमध्ये तेविसावं. प्रत्येक वेळी पेटी काढायची, मेव्हण्याला बोलवायचं, त्याला जेवायला घालायचं. मॉड्यूल स्वस्त पडलं. मेव्हण्याचं जेवण धरलं तर नाही.

तरीही एकच बदलायचा हट्ट असेल तर दोन गोष्टी. मॉड्यूल आलटून पालटून उलटी-सुलटी उभी असतात, एकाचं धन टोक डावीकडे तर शेजाऱ्याचं उजवीकडे. नवं बसवण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि नट आवळताना जोर ५.४ न्यूटन-मीटरचा, म्हणजे मनगटाचा. दंडाचा लावलात तर मॉड्यूलची मान मोडते आणि आणखी एक पाहुणा शोधायची वेळ येते.

पायरी सातवी: बोहारीण

ऑगस्टनंतर मी शहाणा झालो असं नाही. मेव्हणा यायचा बंद झाला. मग पूर्ण नवी थोरली घेतली, अठ्ठावीसही जण एकाच वयाचे. विकणाऱ्याने किमतीवर आणखी एक रक्कम लावली आणि जुनी आणून दिली की ती परत मिळेल असं सांगितलं. सासूबाईंनी हे ऐकून एका वाक्यात उलगडा केला: “म्हणजे बोहारीण.” जुनी लुगडी द्यायची आणि स्टीलचं पातेलं घ्यायचं. फक्त इथे घासाघीस करायला बोहारणीसमोर उकिडवं बसता येत नाही. जुनी पेटी देताना त्यात तिसऱ्याच कोणाच्या गाडीतली तीन मॉड्यूल होती, ती तशीच गेली. तांब्याच्या पट्ट्या मात्र मी ठेवून घेतल्या. नव्या पेटीत नव्या येतात, आणि त्या जुन्या फारच छान निघाल्या होत्या.

पायरी आठवी: चाचणी

नारिंगी प्लग देवघरातून परत आणा. हा प्लग नुसता ढकलून भागत नाही, कडी शेवटपर्यंत बसवावी लागते. अर्धवट राहिला तर गाडी ‘रेडी’ म्हणत नाही आणि तुम्ही तासभर नव्या बॅटरीला नावं ठेवत बसता. धाकटीची तार जोडा. बटण दाबा. त्रिकोण नाही. पट्ट्या निळ्या, सहा, स्वस्थ.

चाचणीसाठी लांब जाऊ नका. आम्ही शनिवारी वाणसामानाला गेलो. बिल देऊन मी बाहेर येईपर्यंत दुकानातल्या पोऱ्याने तांदळाचं पोतं मागच्या सीटवर, उजव्या कडेला, जाळीला टेकवून, जिथे ते छान बसतं तिथेच ठेवलं होतं. मी ते उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. गाडी चालू केल्यावर पुढच्या सीटवरच्या माणसाने पट्टा लावला नाही म्हणून ती टिणटिण वाजायला लागली. पोत्याला पट्टा लावला. बायको काही न बोलता मागे जाऊन बसली, जाळीशेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून. ओक ट्री रोडच्या सिग्नलपर्यंत शांतता होती. मग मागून आवाज आला, “अहो, एसी जरा वाढवा. हिला गरम होत असेल.”